आमची वाटचाल : उलटा ओतलेला बाक

आमचा पहिला बाक तडकला तेव्हा त्यावर तीन माणसं बसली होती, आणि मधला मी होतो. आवाज फार झाला नाही. नुसतं 'टक्'. वाकून पाहिलं तर बैठकीच्या खालच्या अंगाला आडवी चीर, केसासारखी. सळया घातल्या होत्या, चांगल्या ८ मिलिमीटरच्या. मग तडकला कसा?

तेव्हा धंदा वगैरे काही डोक्यात नव्हतं. बागेतला लाकडी बाक दोनदा कुजला, तिसऱ्यांदा मी आणि दादानं घरीच कॉंक्रीटचा करायचं ठरवलं. ५ फूट लांब, १६ इंच रुंद, आणि उचलायला जड नको म्हणून जाडी फक्त अडीच इंच. बसायची बाजू गुळगुळीत यावी म्हणून बैठक उलटी ओतली. प्लायच्या साच्याचा तळ म्हणजे बाकाचा माथा. इथवर बरोबर. सळया मात्र स्लॅबला ठेवतात तशा कव्हर ब्लॉकवर, म्हणजे सळया तळापासून जराशा उचलून धरणाऱ्या छोट्या ठोकळ्यांवर, तळाशी ठेवल्या. बाक सुलटा केला आणि त्या वर गेल्या. माणसं बसली की बाकाच्या दोन पायांमधली बैठक खाली लवते, तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. कॉंक्रीट दाब सोसतं, पण ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या साधारण एक दशांश. नेमकं ताणाच्या जागी लोखंड नव्हतं.

"बाक उलटवलास, सळया नाही उलटवल्यास," दादा म्हणाला. साचा भरताना तोही शेजारीच उभा होता, हे मी तेव्हा बोललो नाही.

सळयांची चूक एकदाच झाली. पाण्याची चूक सुटायला फार दिवस गेले. माल सैल असला की साच्यात आपोआप पसरतो, हात दुखत नाहीत. त्यामुळे मग्यावर मगे पडत राहतात. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या ठेवतं. आता एक भाग सिमेंटला दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी, खडी १० मिलिमीटरची, आणि ५० किलोच्या गोणीला फार तर २४ लिटर पाणी, त्यातही वाळू ओली असेल तर तेवढं वजा. असा माल घट्ट असतो. साच्याला बाहेरून रबरी हातोडीने ठोकत राहायचं, वर बुडबुडे फुटताना दिसतात. ते थांबले की हातही थांबवायचा. नाहीतर खडी खाली बसते आणि वर नुसता सिमेंटचा पातळ गाळ येतो. आणि हातमोजे घालाच. सिमेंटने बोटं कशी सोलवटतात ते आम्ही अनुभवलंय.

शेजाऱ्यांनी दोन बाक करून मागितले, तिथून कामं येऊ लागली. पुढे एका बागवाल्याने १२ बाक आठ दिवसांत हवेत म्हणून सांगितलं. नाही म्हणायला हवं होतं. कॉंक्रीट वाळून कडक होत नाही, सिमेंट आणि पाण्याची क्रिया होऊन होतं, त्यामुळे निदान ७ दिवस ओलं गोणपाट लागतं आणि ठरलेली ताकद धरतात २८ दिवस. आम्ही तिसऱ्या दिवशी गोणपाट काढून गाडीत चढवले. पाच बाकांचे कोपरे उतरवतानाच ढासळले. ते पाचही फुकट बदलून दिले, तरी उरलेले पैसे आजतागायत आलेले नाहीत. तेव्हापासून ऑर्डर वहिनी घेतात. त्या तारीख सांगतात, आणि ती बदलत नाही.

आताची आमची बैठक ४ फुटांची, ३ इंच जाड, सुमारे ९० किलोची. खालून दोन खाचा असतात, त्यात पाय बसतात. उचलायला चौघं लागतात, त्याला इलाज नाही.

तो तडकलेला बाक टाकला नाही. चिरेच्या बरोब्बर खाली तिसरा पाय दिला. मधे आधार आला की त्या जागी ताण वरच्या बाजूला जातो, आणि सळया तर तिथेच आहेत. वहिनी त्यावर बसूनच हिशेब लिहितात.