बोट आणि ट्रेलरच्या बंदोबस्ताचा माझा अनुभव

पेंच नदीवरील तोतलाडोह, रामटेकजवळील खिंडसी आणि वैनगंगेवरील गोसीखुर्द यांसारख्या जलाशयांची खोली मोजून त्यांतील गाळाचे सर्वेक्षण करणे हे आमच्या छोट्या कार्यालयाचे काम आहे. त्यासाठी लागणारी फायबरची बोट, तिचे आउटबोर्ड (मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे) इंजिन आणि ती वाहून नेणारा ट्रेलर वर्षातील बरेच महिने नागपूरच्या हिंगणा रस्त्यावरील एका ले-आउटमधील आमच्या प्लॉटवर उभे असतात. शेजारच्या ले-आउटमधून एका परिचित ठेकेदाराचा जनरेटर बसवलेला ट्रेलर रातोरात नाहीसा झाला आणि सकाळी तेथे चाकांना लावलेल्या विटाच तेवढ्या उरल्या. तेव्हा तारेच्या कुंपणावर आणि फाटकाच्या कुलपावर भिस्त ठेवणे पुरेसे नाही, हे आम्हा सर्वांना पटले.

बोट चोरून नेणे अवघड आहे, असे आपल्याकडे अनेकांना वाटते, कारण नागपुरात चोरीची बोट कोण घेणार, असा साधा हिशेब असतो. परंतु चोराला बोट हवी असतेच असे नाही. ट्रेलर हा शेतापासून मंडपाच्या सामानापर्यंत कुठेही खपतो, इंजिन दुसऱ्या जिल्ह्यातील धरणावर विकता येते, आणि बोट केवळ ट्रेलरवर बसलेली असल्यामुळे त्याच्याबरोबर जाते. म्हणून आम्ही बोट, इंजिन आणि ट्रेलर या तीन वेगळ्या वस्तू धरून तिघांचा स्वतंत्र बंदोबस्त करायचे ठरवले.

सुरुवात ट्रेलरपासून केली. त्याच्या दांडीच्या टोकाचा कपलर ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर बसतो आणि असा गोळा मागे असलेली कोणतीही गाडी तो ओढून नेऊ शकते. कपलरच्या खटक्याला कुलूप घातले की तो गोळ्यावर बसत नाही हे खरे, पण दांडीला दोर बांधून ट्रॅक्टरने ओढणाऱ्याला त्याने काहीच फरक पडत नाही. त्यामुळे चाक अडवणे आवश्यक होते. वाहतूक पोलिस रस्त्यावर गाडीला लावतात तसा जॅमर आम्ही घेतला, परंतु घेताना तो चाकाचे नट झाकतो की नाही हे मुद्दाम पाहिले, कारण नट उघडे राहिले तर जॅमरसकट चाक काढून दुसरे चाक चढवायला फारसा वेळ लागत नाही. काम नसलेल्या महिन्यांत तर आम्ही दोन्ही चाके काढून कार्यालयातच ठेवतो आणि ॲक्सल लोखंडी स्टँडवर टेकवतो. पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या उन्हाळ्यात टायर उन्हात तडकत नाहीत, हा त्यातील वरचा फायदा.

सर्वाधिक वेळ गेला तो साखळीवर. इतवारीतील लोहाओळीत हव्या त्या जाडीची साखळी किलोवर मिळते, परंतु ती बहुतेक साध्या पोलादाची असते आणि लांब दांड्याचा बोल्ट कटर तिची कडी सहज तोडतो. कठीण केलेल्या पोलादाची साखळी ओळखण्याची एक सोपी युक्ती एका जुन्या दुकानदाराने दाखवली. त्याने कानस घेऊन आधी साध्या कडीवर फिरवली, तेव्हा लगेच चकाकता चरा पडला; मग तीच कानस त्याने दुसऱ्या कडीवर फिरवली, तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली आणि कडीवर जेमतेम एक पुसट रेघ उठली. ही दुसरी साखळी आम्ही घेतली. ती कितीतरी महाग पडली, पण तो खर्च मला अजूनही योग्य वाटतो.

पुढचा प्रश्न ती बांधायची कशाला, हा होता. कुंपणाचा खांब उपटता येतो, झाडाला गुंडाळले तर झाड कापता येते, आणि आमच्या भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यात वरवर रोवलेली कोणतीही वस्तू वर्षभरात सैल होते. म्हणून काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खड्डा खणला, त्यात यू आकारात वाकवलेली जाड सळई खालची टोके बाहेरच्या बाजूला फाकवून उभी केली आणि काँक्रीट भरले. टोके फाकलेली असल्यामुळे ती वर ओढली तरी सुटत नाही. साखळीचे शेवटचे टोक या सळईला कायमचे जोडून टाकावे असा फॅब्रिकेटरचा आग्रह होता. ‘मारून देऊ का जी वेल्डिंग? पक्कं होऊन जाते,’ असे म्हणत त्याने होल्डर हातात घेतलाही होता. त्याला थांबवावे लागले, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने कठीण पोलाद त्या जागी पुन्हा मऊ पडते आणि ज्या गुणासाठी एवढे पैसे मोजले तो नेमका तिथेच नष्ट होतो. शेवटी साखळी सळईतून ओवून तिच्याच कडीतून काढली. ती ट्रेलरच्या चौकटीच्या बंद भागातून आणि ॲक्सलवरून नेतो; नुसत्या चाकातून ओवलेली साखळी चाक काढले की निकामी होते. कुलूप असे निवडले की त्याचा वरचा वाकडा दांडा कुलपाच्याच खांद्यांत दडलेला राहील आणि कटरच्या जबड्यात सापडणार नाही. बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरपुढे यांपैकी काहीही टिकत नाही, हे मला माहीत आहे. पण ग्राइंडरचा आवाज रात्री चार घरे उठवतो आणि प्रत्येक जादा मिनिट चोराला महाग पडते.

इंजिनाचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. लहान आउटबोर्ड इंजिन मागच्या फळीवर दोन फिरकीच्या स्क्रूंनी पकडलेले असते आणि ते सोडवायला कोणतेही हत्यार लागत नाही. प्लॉटवर असताना ते दोघांनी उचलून आत नेणे हाच उत्तम उपाय आहे. कामाच्या जागी मात्र दोन्ही फिरक्यांवर सरकवायचे नळीसारखे कुलूप लावतो, इंधनाची नळी आणि इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी काढून घेतो. विम्याच्या दृष्टीनेही हे कुलूप महत्त्वाचे ठरले. लहान बोटींच्या पॉलिसीत इंजिनाची चोरी भरून मिळण्यासाठी ते नेहमीच्या पकडीखेरीज वेगळ्या चोरीविरोधी साधनाने बोटीला जखडलेले असले पाहिजे, अशी अट असू शकते. आमच्या पॉलिसीत ती बारीक अक्षरांत होती. ट्रेलर या पॉलिसीत आपोआप येत नाही, हेही त्याच वेळी कळले आणि त्याचा विमा वेगळा उतरवला.

कुलपांइतकेच मन लावून करायचे काम म्हणजे ओळख. माल सापडला तरी तो आपलाच आहे हे सिद्ध करता आले नाही तर तो पोलिस ठाण्याच्या आवारातच गंजत राहतो. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही वाहन आहे आणि त्याची नोंदणी लागते. परिवहन कार्यालयात विक्रीचे प्रमाणपत्र, रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचे उत्पादकाचे प्रमाणपत्र आणि अर्ज हे सगळे एकत्र दिले, तरी प्रत्यक्ष तपासणीची तारीख मिळायला वाट पाहावी लागली. तपासणीच्या वेळी चौकटीवर ठोकलेल्या चेसिस क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासली जाते आणि त्याचा ठसा अर्जाला जोडला जातो. तशाच ठशाची एक प्रत मी घरी ठेवली आहे.

बोटीच्या मागच्या फळीवर उजव्या बाजूला असणारा क्रमांक आणि इंजिनाच्या पट्टीवरील क्रमांक यांचे छायाचित्र काढले. इंजिनाची पट्टी रिव्हेटने बसवलेली असते आणि ड्रिल लावून काढता येते. म्हणून इंजिनाच्या धातूवर सहज न दिसणाऱ्या जागी आमचा स्वतःचा क्रमांक कोरला. बोटीत तर सामानाच्या कप्प्याच्या तळाशी क्रमांक लिहिलेला कागद ठेवून त्यावर रेझिन आणि फायबरचा थर चढवला. हा थर फोडल्याशिवाय तो क्रमांक निघत नाही आणि फोडल्याची खूण लपत नाही. बिले, छायाचित्रे आणि क्रमांक अशी एक फाइल तयार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही पोलिस ठाण्यात नोंदवता येतो. भंडारा जिल्ह्यातील धरणावर मुक्काम असताना काही घडले तर तक्रार नागपूरला परतल्यावरही देता येते, ही आमच्यासारख्या फिरतीच्या कामात मोठीच सोय आहे.

जीपीएस ट्रॅकर बोटीत बसवताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते: फायबरमधून संदेश जातो, पोलादाच्या नळीत कोंडला तर जात नाही. म्हणून एक ट्रॅकर बोटीच्या पुढच्या फोमखाली आहे आणि दुसरा ट्रेलरच्या दिव्याच्या प्लास्टिकच्या डब्यात. फोनवर दिसणारे स्वस्त ब्लूटूथ टॅग मी टाळले, कारण अनोळखी टॅग आपल्याबरोबर फिरत आहे अशी सूचना चोराच्या फोनवरही येऊ शकते. तोतलाडोहच्या जंगलात मात्र मोबाइलचे जाळे जागोजागी तुटते आणि ट्रॅकर मुका होतो. तिथे मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांशी ओळख ठेवण्याचाच उपयोग होतो. काठावरची कोणती डोंगी कोणाची, हे त्यांना अंधारातही कळते, आणि परकी गाडी दिसली की ते स्वतःहून चौकशी करतात. मुक्कामाच्या रात्री आम्ही बोट पाण्याबाहेर काढतो, तळाचे बूच काढून खिशात ठेवतो, ट्रेलरची दांडी झाडाकडे वळवून पुढे बोलेरो आडवी लावतो, आणि चौकीदाराला ठरलेले पैसे काम संपल्यावर न देता रोजच्या रोज सकाळी हातात देतो.