पहाटेची प्रार्थना, लूक आणि लक्ष्मीबाई

बोर्डिंगातल्या कुठल्याही जुन्या पोराला विचारा, पहाटे सहाच्या प्रार्थनेत कोण कोण जागं असायचं, तर खरं उत्तर एकच, सर आणि डास. डोळे मिटा म्हटलं की आमचं काम अजूनच सोपं व्हायचं. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' एका दमात संपवायचं आणि आमेन मात्र जोरात, कारण आमेननंतर चहा.

मी जन्मानंच ख्रिस्ती. आज्जी सांगायची की आपलं मूळ जालन्याजवळच्या बेथेलचं, नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या गावातलं. हे शेषाद्री म्हणजे 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ, आमच्याकडं त्यांचं नाव अजून आदरानं घेतात. पण माझ्यापुरतं बोलायचं तर विश्वास आमच्या घरात रेशनकार्डासारखा होता, आजोबांच्या नावावर, खाली आमची नावं चढवलेली. त्यात माझं स्वतःचं असं काही नव्हतं.

आठवीत असताना शाळेच्या ग्राउंडवर पडदा लावून येशूचा पिक्चर दाखवला, 1979 चा तो इंग्रजी पिक्चर मराठीत डब केलेला. जनरेटरचा आवाज एवढा की अर्धे डायलॉग अंदाजानं समजून घ्यायचे. गावातली सगळ्या जातीधर्माची माणसं लेकरं काखेत घेऊन आलेली, येशूला पकडून देणारा यहूदा आला की मागून शिव्या, खिळे ठोकताना बायांचं रडणं, मीपण रडलो, लई रडलो आणि रात्री ठरवलं की आता आपण सुधारायचं. सुधारणा आठवडाभर पण टिकली नाही. पिक्चरच्या रडण्याचं असंच असतं, माझं मत आहे बुवा, कुणाला पटो न पटो.

पण बायबलच्या सरांनी दुसऱ्या दिवशी एक बरं केलं. म्हणाले, पिक्चर लूकच्या शुभवर्तमानावर, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रावर आहे, तर मग बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे मागी, म्हणजे ज्ञानी लोक लूकमध्ये कुठं आहेत ते शोधून आणा. आम्ही सगळं लूक चाळलं, टॉर्च लावून चाळलं, मेंढपाळ सापडले, मागी काही सापडेनात. ते निघाले मत्तयच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात! त्या शोधाशोधीत मी पहिल्यांदा एक शुभवर्तमान सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं, कुणी मार्क देणार नसताना.

ग्रंथालयाचं कपाट तेव्हा कायम कुलपात. ग्रंथालयाच्या बाईंच्या मागं लागून लागून 'स्मृतिचित्रे', लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, मिळालं, तेही कुणीतरी सांगितलं की हसायला येतं म्हणून. आणि खरंच येतं. त्यांचे नवरे, कवी नारायण वामन टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई काय आनंदानं मागं गेल्या नाहीत, रडल्या, भांडल्या, माहेरच्यांत राहिल्या, सोवळंओवळं पाळत राहिल्या, आणि काही वर्षांनी स्वतः विचार करून, स्वतःच्या पायानं आल्या. 1919 ला टिळक गेले, त्यांचं 'ख्रिस्तायन', येशूच्या आयुष्यावरचं काव्य, अर्धंच राहिलं, ते पुढं ह्याच बाईंनी पुरं केलं. मला तोवर वाटायचं देवाची माणसं म्हणजे पांढऱ्या कपड्यातली, हळू बोलणारी. ही बाई तर आमच्या आज्जीसारखी फटकळ.

मग 30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाटेचे चार वाजायचे होते. लोक गणपती बोळवून झोपलेले आणि भूकंप झाला, किल्लारी, सास्तूर त्या पट्ट्यात दगडमातीच्या जाड जाड भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या, हजारो गेले. आमच्यात उमरग्याकडचं एक पोरगं होतं, मामाचं गाव त्याच पट्ट्यात. त्याच्याकडं बघायची कुणाची हिंमत होईना.

त्या दिवशी सरांनी प्रवचन केलं नाही, देवाची योजना वगैरे काही नाही. बायबलातलं स्तोत्र 13 काढलं आणि वाचलं, त्यात दावीद देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? मग म्हणाले, आज कुणी काही मागू नका, ज्याला जे म्हणायचंय ते म्हणा. बराच वेळ कुणीच बोललं नाही. आणि ते पोरगं मोठ्यानं म्हणालं, मला तुझा राग आलाय. आम्हाला वाटलं आता सर ओरडणार. सर म्हणाले, आमेन. पुढचे दिवस धान्य, चादरी, जुने कपडे गोळा करण्यात गेले, पण प्रार्थनेत मी झोपायचं त्या दिवसापासून बंद झालं.

आता मी वाळूजला कंपनीत आहे, फर्स्ट शिफ्ट असली की कंपनीच्या बसमध्येच प्रार्थना, शेजारचा घोरत असतो, चालतंय. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फुलं लावलेली वचनं येतात ती मी वाचतो असं नाही. पोरगी मोबाईलवर 'द चोजन' ही येशूवरची मालिका बघते, त्यात येशूचा शिष्य मत्तय एकदम टापटीप, हिशोबात काटेकोर दाखवलाय. परवा विचारते, पप्पा हे बायबलमध्ये आहे का? म्हटलं काढ, बघू. मत्तय 9:9, जकातनाक्यावर बसलेला माणूस, येशू म्हणाला माझ्यामागं ये, आणि तो उठला. बास, टापटीप वगैरे काही नाही. ती म्हणाली मग हे सगळं खोटं का, मी म्हटलं खोटं नाही गं, कुणीतरी केलेली कल्पना आहे, तू पण कर, पण आधी वाच. जेवण गार झालं तरी आमचं तेच चालू होतं, बायको वैतागली.

शाळेच्या जुबिलीनिमित्त ग्रंथालयाला 'स्मृतिचित्रे'च्या काही प्रती देतोय. कुलपाचं तेवढं बघा.