जाड भिंती आणि अर्धा उजेड

एखादी इमारत मला आवडली की मी आधी तिचा आकार पाहत नाही, ती ऊन कुठे थांबवते ते पाहतो. वास्तुकलेच्या शिक्षणाने माझी ही सवय पक्की झाली, पण ती लागली आमच्या यवतमाळकडच्या जुन्या घरात. त्या घराच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, हातभराहून जाड होत्या आणि वर कवेलू होते. मे महिन्यात दुपारी शेतातून येऊन ढेलजेत पाऊल ठेवले की काही क्षण काहीच दिसत नसे. मग हळूहळू कोनाड्यातील दिवा, खुंटीवरचा शेला आणि माजघरातील पितळेची भांडी अंधारातून एकेक करून वर येत. डोळे निवण्याचा तो काळ मला आजही कोणत्याही रचनेतील सर्वांत सुंदर भाग वाटतो.

सेवाग्रामला मी वर्षातून एकदा तरी जातो. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी तिथे आले तेव्हा गावाचे नाव सेगाव होते. शेगावच्या नावाशी घोटाळा होऊन टपाल चुकू लागल्याने १९४० मध्ये ते बदलले. पहिल्या घरासाठी त्यांची अट अशी होती की खर्च ५०० रुपयांच्या वर जाऊ नये आणि साहित्य व कारागीर जवळपासचेच असावेत. आज जिला बापूकुटी म्हणतात ती मुळात गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेन यांची झोपडी होती. तिथल्या मातीच्या भिंतीवर त्यांनी उठावात काढलेली ताडाची झाडे मी दर वेळी बराच वेळ पाहत बसतो. वेगळा रंग नाही, वेगळे साहित्य नाही. भिंतीचीच माती थोडी वर आली आहे आणि तिरप्या उजेडात तिची सावली पडली की झाड दिसते. अलंकरण असावे तर असे, हे माझे मत तिथेच तयार झाले.

याच विचाराचा धागा मला वास्तुकार लॉरी बेकर यांच्या कामात सापडला. आदर्श घराचे सगळे साहित्य पाच मैलांच्या परिघात मिळावे, हे गांधीजींचे म्हणणे त्यांनी आयुष्यभर जपले. बेकर यांनी केरळात रुजवलेला रॅट-ट्रॅप बाँड, म्हणजे विटा कडेवर उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवण्याची पद्धत, मी आमच्या भागात अनेकदा वापरली आहे. तिच्यात सुमारे पाव हिस्सा विटा वाचतातच, शिवाय पोकळीतील हवेमुळे बाहेरची धग आत यायला उशीर लागतो. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांचे साबरमती येथील गांधी स्मारक संग्रहालय (१९६३) मला त्यांच्या पुढच्या भव्य इमारतींपेक्षा जवळचे वाटते. सहा मीटर बाय सहा मीटरचे चौक, वर कौलारू छपरे, मध्ये पाण्याचा चौक, आणि खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा आहेत. तिथे उजेड गाळून येतो.

चित्रांतही मी हेच शोधतो. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूरचा, आणि चित्रकार सय्यद हैदर रझा यांचे कलाशिक्षण काही काळ नागपुरात झाले, या दोन्ही गोष्टींचा मला विदर्भातील माणूस म्हणून आनंद आहे. रझांच्या चित्रांतील काळा बिंदू पाहताना मला लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा गाभारा आठवतो: बाहेरच्या भिंतींवरचे कोरीवकाम ऊन झेलत असते आणि आत, जिथे देव आहे, तिथे अंधार दाट होत जातो. तरीही निवड करायची झाली तर मी गायतोंडेंकडे जाईन. रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवून आणि खरवडून त्यांनी जो प्रकाश आणला तो कॅनव्हासवर पडलेला वाटत नाही, आतून झिरपलेला वाटतो; सारवलेल्या भिंतीवर संध्याकाळी तसाच प्रकाश असतो.

मातीच्या घराबद्दल मात्र मी एक गोष्ट स्पष्टपणे मांडतो. सारवणाचे, पोताऱ्याचे (भिंतींना पातळ मातीचा हात देण्याचे) आणि दर पावसाळ्यानंतरच्या डागडुजीचे काम घरातील बाईच्याच वाट्याला येते. त्यामुळे कोणी स्लॅबचे घर मागितले तर मी त्याला मातीचा आग्रह करत नाही. मी जाड भिंतीचा, खोल ओसरीचा आणि पश्चिमेच्या उन्हाचा विचार करायला लावतो.

हा विचार मी स्वतः एकदा सोडला होता. शेतातील एका घराला टेकड्यांचे दृश्य मिळावे म्हणून मी पश्चिमेला मोठी काच ठेवली. मे महिन्यात त्या खोलीतील लोखंडी पलंगाला हात लावता येईना. घरच्या मंडळींनी मला न विचारता बुरडाकडून बांबूचे तट्टे आणून बाहेरून बांधले आणि खोली राहण्याजोगी केली. त्या तट्ट्यांतून फरशीवर पडलेली उजेडाची बारीक वीण मी पाहिली, तेव्हापासून बांबूचे विणकाम माझ्या आराखड्यांत पहिल्या दिवसापासून असते.

सध्या एका घराच्या पश्चिमेकडील ओसरीचे काम चालू आहे. मालकांना ती सहा फूट रुंद हवी होती, म्हणजे आतील खोली मोठी झाली असती. छपराची कड जमिनीपासून साडेसहा फुटांवर येणार होती. त्या उंचीवर आम्ही दोन बल्ल्यांना दोरी बांधली आणि गेल्या मे महिन्यात दुपारी चार वाजता मी, मालक आणि गवंडी तिथे उभे राहिलो. सहा फुटांवर भिंत धरली तर ऊन बसलेल्या माणसाच्या पाठीपर्यंत चढत होते. आठ फुटांवर ते पायथ्याशी वीतभर उरत होते. मालकांनी स्वतः आठ फुटांवर चुन्याची रेघ ओढली.