लोखंडाच्या शॉपमध्ये बिनलोखंडाचा मास्ट

भोसरी एमआयडीसीत आमचा गाळा आहे. पहिली आठ वर्षं आम्ही निव्वळ जॉब वर्क केलं. शाफ्ट, बुश, फ्लँज, कधी एखाद्या प्रेसचं दुरुस्तीचं काम. दोन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल. वडील टर्नर होते, मी आयटीआय फिटर. आमच्या घरात दोन पिढ्या लोखंडावर जगल्या, आणि एखादी वस्तू मजबूत करायची म्हणजे ती लोखंडाची करायची, हे आम्ही कधी कुणाला विचारलंही नव्हतं.

मग एक दिवस एका टेस्टिंग लॅबमधल्या इंजिनिअर मॅडम तुटलेली पांढरी पुली घेऊन आल्या. डेल्रिन नावाच्या कडक प्लास्टिकची होती, चावीच्या खाचेपाशी तडकलेली. म्हणाल्या, "दादा, अगदी अशीच करून द्या." मी म्हटलं, "मॅडम, अॅल्युमिनियमची करतो, जन्मभर टिकेल." त्या म्हणाल्या, "टिकेल हो. पण ती अँटेनाला दिसेल."

मला काही कळलं नाही. पुली करून दिली आणि बसवायला स्वतः गेलो, कारण ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं.

चाचणीची ती खोली, म्हणजे चेंबर, मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. चारी बाजूंनी पत्र्याची पेटी, भिंतींना आणि छताला रेडिओ लहरी शोषणाऱ्या फेराइटच्या टाइल्स, त्यांवर फोमचे काळे सुळके. खाली मात्र सपाट धातूची जमीन. एका टोकाला गोल फिरणाऱ्या टर्नटेबलवर ८० सेंटिमीटर उंचीचं टेबल, त्यावर तपासायचं उपकरण. समोर उंच खांब आणि त्यावर वर-खाली सरकणारा अँटेना. हा खांब म्हणजे मास्ट.

विजेवर चालणारं कुठलंही उपकरण थोड्याफार रेडिओ लहरी बाहेर टाकतं. त्यांचा शेजारच्या उपकरणांना त्रास होऊ नये म्हणून मर्यादा ठरलेल्या आहेत. त्या ठरवणारी सिस्पर ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ सालची. युरोपात १ जानेवारी १९९६ पासून ही अट पाळणं सक्तीचं झालं आणि तिकडे माल पाठवणाऱ्या आपल्याकडच्या कारखान्यांनाही चाचणीशिवाय गत्यंतर उरलं नाही. ३० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात अँटेना ३ किंवा १० मीटर अंतरावर ठेवून १ मीटरपासून ४ मीटरपर्यंत वर-खाली न्यावा लागतो. एकदा आडवा धरून, एकदा उभा धरून.

वर-खाली कशासाठी, हे मॅडमनी मला कागदावर काढून दाखवलं. तळ्याकाठचं झाड एकदा वर दिसतं आणि एकदा पाण्यात. तसंच अँटेनाला उपकरण दोनदा दिसतं, एकदा सरळ आणि एकदा जमिनीतून परावर्तित होऊन. दोन्ही वाटांची लांबी वेगळी, म्हणून कुठे त्या लहरी एकमेकींना जोडतात आणि कुठे खोडतात. त्यांचं उदाहरण अजून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे: १० मीटर अंतर, ३०० मेगाहर्ट्झ, अँटेना आडवा. लहरीची लांबी १ मीटर. अँटेना १ मीटर उंचीवर असताना दोन वाटांतला फरक साधारण १६ सेंटिमीटर, ३.३ मीटरवर बरोबर ५० सेंटिमीटर. आडवी लहर धातूच्या जमिनीवरून परतताना उलटी होते, म्हणून अर्ध्या लांबीचा फरक पडला की दोन्ही मिळून जोर धरतात. तेच उपकरण १ मीटरवर मोजलं तर रीडिंग सुमारे ६ डेसिबलने कमी, म्हणजे जवळपास निम्मं येतं. मास्ट वर गेलाच नाही, तर नापास व्हायचं उपकरण पास होऊन बाजारात जाईल.

आणि अँटेनाजवळ आणखी कुठे धातू असेल, तर तिथूनही लहर परतणार आणि सगळं गणित बिघडणार. म्हणून पुली डेल्रिनची. त्या दिवशी परत येताना मला वाटलं, आपण इतकी वर्षं धातू कापतो आहोत आणि इथे धातू नसण्याचीच किंमत आहे.

त्या एका पुलीवरून दुरुस्तीची कामं येऊ लागली. परदेशी मास्टचा सुटा भाग यायला महिने लागत आणि तोवर लॅब बंद. आम्ही उघडायचो, मोजायचो, करून द्यायचो. नवीन मास्ट पुढे बनवला, पण शिकलो ते या उघडलेल्या जुन्या मास्टांवर.

सर्वांत मोठा धडा मात्र आमच्याच चुकीतून मिळाला. एका लॅबच्या मास्टचा टायमिंग बेल्ट, म्हणजे अँटेना वर-खाली ओढणारा दात्यांचा पट्टा, झिजला होता. आम्ही पिच आणि रुंदी मोजली आणि पॉलियुरेथेनचा तसाच पांढरा बेल्ट बाजारातून आणून बसवला. मास्ट छान चालला, बिल झालं. पुढे त्यांच्याकडे जागेची वार्षिक तपासणी झाली. त्यात ठाऊक असलेली लहर सोडून ती अँटेनापर्यंत किती पोचते ते पाहतात आणि सैद्धांतिक आकड्याशी फरक ४ डेसिबलच्या आत लागतो. आडव्या अँटेनाला सगळं ठीक, उभ्याला काही ठिकाणी बाहेर. त्यांनी केबल बदलली, अँटेना बदलला, टाइल्स ठोकून पाहिल्या. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. मी बेल्टचा उरलेला तुकडा सोबत नेला होता. कटरने तिरका कापला, तर आत चंदेरी तारा. पॉलियुरेथेनच्या बेल्टात ताण घ्यायला बहुधा स्टीलच्या तारा घातलेल्या असतात, आणि मास्टला अरामिडच्या (केव्हलरसारख्या, वीज न वाहणाऱ्या) दोऱ्यांचा बेल्ट लागतो. आम्ही दुकानदाराला ते सांगितलंच नव्हतं. चार मीटर उभ्या स्टीलच्या तारा, पुढून वर आणि मागून खाली. उभ्या अँटेनाच्या पाठीशी आम्ही नकळत दुसरा अँटेनाच बांधून ठेवला होता.

अरामिडचा बेल्ट मागवला, स्वखर्चाने बसवला आणि वाया गेलेल्या दिवसांची भरपाईही दिली. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक सुट्या भागावरून चुंबक फिरवायचं आणि मग मल्टीमीटर लावायचा, असा नियम आहे. चुंबक एकटं पुरत नाही. पितळ, अॅल्युमिनियम, बरंचसं स्टेनलेस त्याला दाद देत नाही. कार्बन फायबरही नाही. एका हितचिंतकांनी हलकी आणि ताठ म्हणून कार्बन फायबरची नळी सुचवली होती, नमुनाही दिला. टोकं घासून मल्टीमीटर लावला तर वीज वाहते. नमुना परत केला.

आमचा पहिला स्वतःचा मास्ट आम्ही एफआरपीच्या चौकोनी नळीत केला. काचेचे तंतू रेझिनमध्ये बसवून ओढून काढलेली ही नळी ताकदीला चांगली, पण लोखंडाच्या सवयीचा हात तिथे चालत नाही. साधं ड्रिल आरपार काढलं की पलीकडच्या बाजूला पापुद्रे सुटतात. म्हणून खाली लाकूड दाबून धरायचं, कार्बाइडचं ड्रिल वापरायचं आणि घाई करायची नाही. धूळ वाईट. काचेचे तंतू कातडीत शिरतात, रात्रभर खाज सुटते. पहिल्या महिन्यात आमच्या काकांनी (ते वडिलांच्या वेळेपासून लेथवर आहेत) मला स्पष्ट सांगितलं, "हे आपलं काम नाही, पोरा." मग कटिंग पाण्याखाली सुरू केलं, धूळ ओढणारा पंखा लावला, चांगले मास्क आणले. आज एफआरपीचं सर्वांत स्वच्छ कटिंग काकाच करतात.

नायलॉनचा बोल्ट लोखंडाच्या बोल्टासारखा आवळला की डोकं हातात येतं. आवळून ठेवला तरी ताणाखाली हळूहळू सैल होतो. म्हणून वजन पेलणाऱ्या सांध्यांना एफआरपीचे आटे पाडलेले दांडे आणि नायलॉन फक्त झाकणांना. कॅरेजचे, म्हणजे अँटेना धरून खांबावर सरकणाऱ्या भागाचे, रोलरही आम्ही आधी नायलॉनचे केले होते. उघड्या मैदानातल्या चाचणी-जागेवर जुलैत मास्ट अडकू लागला. नायलॉन हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. रोलर डेल्रिनचे केले, तक्रार संपली.

जुळणी आम्ही आता अशी करतो. तळाचा पाया आधी पाणसळीत आणायचा. खांबाचे तुकडे जमिनीवर आडवे ठेवून सांधे बसवायचे, मग चौघांनी उभा करायचा. ओळंबा दोन बाजूंनी सोडायचा, कारण चार मीटरवर थोडा कललेला खांबसुद्धा अँटेनाला टेबलापासून पुढे-मागे नेतो. मग कॅरेज, बेल्ट, ताण. अँटेना चढवण्याआधी त्याच्या वजनाचं लाकूड लावून मास्ट दिवसभर वर-खाली पळवतो. अँटेना लाखांच्या घरातला आणि कॅलिब्रेट केलेला असतो, तो आपटला तर दांडी सरळ करून भागत नाही. गिअरबॉक्स वर्मचा घेतो, म्हणजे वीज गेली तरी कॅरेज जागेवर राहतं. बेल्टच तुटला तर, म्हणून शेजारून एक वेगळी अरामिडची दोरी.

उंचीचा शून्य मात्र कागदावरून घ्यायचा नाही. जमिनीच्या धातूपासून अँटेनाच्या मध्यापर्यंत लाकडी पट्टीने मोजायचं आणि तो आकडा कंट्रोलरला द्यायचा. अँटेना आडव्याचा उभा करणारा भाग हवेवर चालतो, व्हॉल्व्ह चेंबरबाहेर आणि आत फक्त प्लास्टिकच्या नळ्या. फिरताना अँटेनाचा मध्य हलता कामा नये, हे आम्ही दोन्ही स्थितींत पट्टी लावून बघतो. आणि अँटेना उभा असताना त्याचं खालचं टोक जमिनीपासून किमान २५ सेंटिमीटर वर राहायला हवं. मोठ्या अँटेनाला १ मीटर उंचीवर ते जमत नाही. म्हणून उभ्या स्थितीसाठी खालची मर्यादा वेगळी ठेवतो.

मोटर तळाशी, फिल्टर लावलेल्या बंद डब्यात. हे आता सहज लिहितो आहे, पण पहिल्या मास्टला आम्ही शॉपमध्ये वापरतो तसा साधा ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा डबा) लावला होता. उपकरण बंद, फक्त मास्ट सरकतोय, आणि रिसीव्हरवर ३० मेगाहर्ट्झच्या पुढे आवाजाचा, म्हणजे नको त्या रेडिओ लहरींचा, डोंगर. नियमाप्रमाणे उपकरण बंद असताना जागेचा स्वतःचा आवाज मर्यादेच्या किमान ६ डेसिबल खाली हवा. आमचा मास्ट एकटाच मर्यादेला टेकत होता. ड्राइव्ह चेंबरबाहेर काढला, पॉवरच्या वायरला भिंतीतच फिल्टर लावला, कंट्रोलची तांब्याची वायर काढून ऑप्टिकल फायबर टाकली. तीन आठवडे गेले. त्या लॅबने तेवढा धीर धरला नसता, तर हे लिहायला मी नसतो.

देखभालीची कामं आता निम्म्याहून जास्त आहेत आणि मला तीच आवडतात. चेंबरमधल्या सुळक्यांच्या फोममध्ये कार्बन असतो, जुना झाला की काळी पूड पडते. रुळांवर ग्रीस असेल तर ती चिकटून घट्ट लेप होतो. म्हणून रूळ कोरडे ठेवायचे, नुसतं कापड फिरवायचं. मैदानातल्या मास्टवर उन्हाने वरचं रेझिन झडतं आणि तंतू उघडे पडतात, तिथे घासून पुन्हा लेप द्यावा लागतो. पावसाळ्यानंतर मोटरच्या डब्यात गांधीलमाशीचं घर ठरलेलं. उंदीर हवेच्या नळ्या कुरतडतात. पण सर्वांत जास्त दगा देते अँटेनाची केबल. दिवसातून शेकडो वेळा ती वाकते, कनेक्टरपाशी आतली जाळी तुटत जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. प्रत्येक भेटीत केबलचा लॉस, म्हणजे तिच्यात सिग्नल किती कमी होतो ते, मोजून वहीत लिहितो आणि मागच्या आकड्याशी ताडतो. केबल अँटेनाच्या मागे निदान १ मीटर आडवी नेऊन मगच खाली सोडायची, तिच्यावर फेराइटचे मणी ठेवायचे. नवा ऑपरेटर आला की ती हमखास सरळ खाली लोंबकळत असते. मी रागावत नाही, पुन्हा बांधून दाखवतो.

पैशांबद्दल थोडं. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांत पैसे द्यायचे असं लिहिलं आहे. काही ग्राहकांकडून आमचे पैसे सहा-सहा महिने आले नाहीत, आणि तेव्हा शाफ्ट आणि बुशच्या जॉब वर्कनेच पगार भागवले. म्हणून जुने लेथ आम्ही विकलेले नाहीत.

सध्या १ गिगाहर्ट्झच्या वरच्या कामासाठी मास्ट करतो आहोत. तिथला हॉर्न, म्हणजे भोंग्याच्या आकाराचा, अँटेना टॉर्चसारखा अरुंद बघतो, म्हणून वर जाताना त्याने उपकरणाकडे मान झुकवत राहावी लागते. ३ मीटर अंतर आणि ४ मीटर उंची धरली, तर झुकाव सुमारे ४७ अंश येतो. ही हालचाल आम्ही एफआरपीच्या पट्ट्यांच्या जोडणीने करतो आहोत. शेवटच्या मीटरमध्ये डेल्रिनच्या पिनांच्या ढिलेपणामुळे अँटेना अजून दीड अंश डुलतो. काकांनी काल पिनांची नवी भोकं रीमरने काढली आहेत, उद्या लाकूड चढवून पुन्हा पळवणार.