उभी राहिली की तापते

“हेड गॅस्केट गेलंय, साठ हजारांच्या पुढं जाईल.” असं सांगून एका गॅरेजवाल्यानं ज्यांच्या हातात कोटेशन टेकवलं होतं, ते अहमदपूरचे एक आडत दुकानदार मे महिन्यात आमच्या गॅरेजला आले. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं सील. मागं टोइंगवर त्यांची २०११ ची फियाट लिनिया टी-जेट. भंगारवाल्याशी बोलणी होत आली होती. “तुम्ही फियाटचं काम करता म्हणं, एकदा बघा,” एवढ्यासाठी लातूरपर्यंत आणलेली. गाडी दुरुस्त होऊन गेली, पण ते कोटेशन अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

लिनिया आपल्याकडं २००९ साली आली, टर्बो पेट्रोल टी-जेट त्याच्या पुढच्या वर्षी. इंजिन फक्त १३६८ सीसीचं, पण ताकद ११४ पीएस, टॉर्क २०७ न्यूटन मीटर, आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. दिसायला चार माणसांच्या घरची सेडान. रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला पाय दाबला की कळतं, ही काय चीज आहे ते. बनली आपल्याच रांजणगावात. तरी “इटालियन गाडी म्हणजे कटकट” हे लोकांच्या तोंडात बसलंय. मला ते अजिबात मान्य नाही. ही गाडी नियमात काम मागते. नियम मोडला की त्रास देते, आणि नियम मोडणारे बहुतेक वेळा आम्ही मेकॅनिकच असतो.

मी मालकांना आधी एकच विचारलं, “तापते कधी?”

“मार्केट यार्डात लायनीत थांबलं की. तवा एसी बी गरम हवा मारतो. हायवेला काहीच नाही, काटा मधल्या रेघेच्या बी खाली.”

माझ्या दृष्टीनं निम्मं निदान इथंच झालं. हेड गॅस्केट गेलेली गाडी चढाला, वेगात, इंजिनवर भार आला की आधी तापते. पळताना थंड आणि उभी राहिली की गरम, याचा अर्थ उभ्या गाडीच्या रेडिएटरमधून हवा जात नाही. पंखा बघा. पण त्या कोटेशनच्या मागंपुढं हा प्रश्न कोणी विचारलेलाच नव्हता.

तरी खात्रीशिवाय बोलायचं नाही म्हणून गाडी रात्रभर थंड होऊ दिली. सकाळी कूलंटच्या टाकीचं झाकण उघडं ठेवून स्टार्ट केली, बुडबुडे नाहीत. गरम झाल्यावर टाकीच्या तोंडावर गॅस तपासायची नळी लावली. तिच्यातलं निळं द्रावण गॅस्केट फुटलं असेल तर पिवळं पडतं. निळं ते निळंच राहिलं. चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन सारखं. म्हणजे गॅस्केट शाबूत.

मग पंखा. या गाडीत पंख्याला दोन वेग आहेत. हळू वेगाचा करंट एका रेझिस्टरमधून जातो, आणि तो रेझिस्टर पंख्याच्या चौकटीवरच बसवलेला आहे. धूळ, चिखल, रेडिएटरची धग, सगळं त्याच्यावर. या वयाच्या पुंटो-लिनियांत तो जाणं नेहमीचंच. तो गेला की हळू वेग बंद पडतो. एसी लावला तरी पंखा फिरत नाही, काटा बराच वर चढल्यावर एकदम जोरातला वेग लागतो. आधीच्या गॅरेजवाल्यानं पंख्याला बॅटरीचा डायरेक्ट करंट दिला, पंखा गरगर फिरला, आणि “पंखा ओके” म्हणून पुढं गेला. पण डायरेक्ट दिला की रेझिस्टर मधे येतच नाही. मी मीटर लावलं. रेझिस्टरच्या एका टोकाला बारा व्होल्ट, दुसऱ्या टोकाला काहीच नाही. काढून हातात घेतला तर आतली तार तुटून काळी पडलेली.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. मधल्या काळात कोणीतरी “गाडी तापते ना, काढा थर्मोस्टॅट” केलेलं. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा वाल्व. हेडच्या टोकाला जे थर्मोस्टॅटचं हाउसिंग असतं, त्यातला वाल्व पक्कडीनं तोडून काढला होता. तुटलेली कडा आत तशीच. मराठवाड्यात हे सर्रास चालतं आणि मला याची खरंच चीड येते. थर्मोस्टॅट नसला की पळत्या गाडीचं इंजिन कधी नीट गरमच होत नाही, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जास्तीचं पेट्रोल देत राहतो, ते सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुवून ऑइल पॅनमध्ये उतरतं. काटा खाली बघून मालक खूश होते, आणि ॲव्हरेज का पडलं हे त्यांना कळत नव्हतं.

आणि पाणी. फियाटला लाल कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं लागतं. यांच्या टाकीत फक्त बोअरचं पाणी. उकळून सांडलं की पुन्हा बोअरचं. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं लोक बोअरला नावं ठेवत नाहीत, हे मला समजतं. पण आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती हे घरातल्या गिझरची कॉइल काढली तरी दिसतं. रेडिएटरवर टेम्परेचर गन फिरवली तर वरच्या ओळी कढत आणि खालच्या कितीतरी कोमट. नळ्या आतून बुजलेल्या. ॲल्युमिनियमचा रेडिएटर, प्लॅस्टिकच्या टाक्या. रॉड मारून साफ करणं त्याला झेपत नाही. नवा पुण्याहून मागवला, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आला.

वॉटर पंपाच्या खालच्या भोकापाशी पांढरा थर जमला होता, बोटानं खरवडला तर खपली निघाली. म्हणजे पंप झिरपत होता. हा पंप वाल्व आणि पिस्टन एका तालात ठेवणाऱ्या टायमिंग बेल्टवर चालतो, त्यामुळं बेल्ट, टेन्शनर, पंप सगळं एकदमच करायचं. इथं या इंजिनची परीक्षा असते. वाल्व उघडणारा दांडा म्हणजे कॅम, त्याच्या पुलीला चावीची खाच नाही. बोल्ट ढिला केला की पुली कॅमवर मोकळी फिरते. कॅम हाउसिंगचे प्लग काढून तिथं लॉकिंग पिना बसवाव्या लागतात, आणि क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, टीडीसीला (पहिला पिस्टन अगदी वर) ठेवायचा नसतो. चारही पिस्टन मधोमध, एका उंचीवर आणावे लागतात. आधीच्या कोणीतरी जुन्या पुलीवर पांढऱ्या पेंटच्या खुणा करून बेल्ट बदलला होता. मी पिना घालायला गेलो तर एक पिन बसेना. टायमिंग थोडं सरकलेलं, आणि गाडी तशीच पळत होती. आणखी सरकलं असतं तर वाल्व पिस्टनला भेटले असते. लॉकिंगचा सेट मी स्वतःच्या पैशानं घेतलाय आणि त्याच्याशिवाय या इंजिनचा बेल्ट मी उघडत नाही. काम झाल्यावर स्कॅनर लावून ईसीयूला फोनिक व्हील, म्हणजे क्रँकची जागा सांगणारं दातेरी चाक, पुन्हा शिकवावं लागतं, नाहीतर मिसफायर नसताना इंजिनचा दिवा लागतो. हे बऱ्याच ठिकाणी करतच नाहीत.

मग नवा थर्मोस्टॅट, नवा रेझिस्टर, सिस्टीम साफ होईपर्यंत फ्लश, आणि योग्य कूलंट. दुपारी बाराच्या उन्हात एसी लावून गाडी गेटपाशी उभी करून ठेवली. पंखा हळू वेगात लागला, थांबला, परत लागला. काटा मधोमध. मालक तिथंच खुर्ची टाकून काट्याकडं बघत बसले होते. खर्च झालाच, रेडिएटर आणि बेल्टच्या कामाचा, पण कोटेशनच्या निम्म्याहून कमी. सुरुवातीलाच रेझिस्टर बदलला असता तर काही शेकड्यांत भागलं असतं.

ज्यानं ते कोटेशन लिहिलं त्याला मी ओळखतो. हात चांगला आहे, माणूस लबाड नाही. म्हणून फोन केला. म्हणाला, “टाकीत बुडबुडे दिसले, मग दुसरं काय लिहिणार?” बुडबुडे होतेच, मी नाही म्हणत नाही. पण तापलेल्या गाडीत पाणी उकळलं तरी बुडबुडे येतात, आणि वाफेचे कुठले, गॅसचे कुठले, हे डोळ्यांना कळत नाही. थंड इंजिनवर बघितलं असतं तर तिथंच कळलं असतं. गॅस तपासायचं किट त्याच्याकडं नाही. माझं ने म्हणालो. “बघू” म्हणाला, अजून आला नाही. लबाडाचं कोटेशन असतं तर मी विसरून गेलो असतो. चांगल्या हाताच्या माणसानं तपासणीशिवाय हेड उघडायचं लिहिलं, आणि त्या कागदावर एक धडधाकट गाडी भंगारात निघाली होती, हेच डोक्यात घोळतंय.

लिनियाच्या पुढच्या लोअर आर्मचे बुश अजून वाजतात. मालकांना सांगितलंय, सोयाबीनचा हंगाम उरकला की घेऊन या. आणि तोवर टाकीत पाणी कमी दिसलं तर बोअरचं टाकायचं नाही, आधी मला फोन करायचा.