मद्रासच्या दिव्याची चार बिऱ्हाडं

मरीना बीचवरचं लाइटहाउस दिसायला काही देखणं नाही, हे आधीच सांगून टाकते. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा तिकोनी काँक्रीटचा मनोरा, १९७७ पासून उभा. वर जायला चक्क लिफ्ट! गोल जिना चढायच्या तयारीने आलेल्याचा हिरमोडच होतो. सुरक्षेच्या कारणावरून बरीच वर्षं बंद असलेली वरची गॅलरी २०१३ मध्ये लोकांना पुन्हा खुली झाली.

नवव्या मजल्यावर मात्र वारा असा अंगावर येतो की ओढणी सांभाळू की कठडा धरू, कळेना. खाली वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या, दक्षिणेला सांथोम चर्चचा पांढरा कळस, उत्तरेला सरळसोट पसरलेली वाळू. ना खाडी, ना डोंगर. कोकण बघितलेल्या डोळ्यांना हा किनारा फारच सपाट वाटतो. आणि तीच तर इथली अडचण होती. मद्रासला नैसर्गिक बंदर नव्हतं. जहाजं उघड्या समुद्रात नांगर टाकायची आणि माणसं, माल मसुला नावाच्या स्थानिक होड्यांतून लाटा फोडत किनाऱ्याला यायचा. रात्री जहाजावरून ओळखीची खूण दिसावी तरी कशी?

म्हणून १७९६ मध्ये सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या एक्स्चेंजच्या, म्हणजे व्यापाऱ्यांच्या देवघेवीच्या, इमारतीवर, म्हणजे आजच्या किल्ल्यातल्या म्युझियमच्या माथ्यावर, खोबरेल तेलाचे दिवे लागले. १८४४ मध्ये दिव्याला स्वतःचा दगडी स्तंभ मिळाला. तो अजूनही हायकोर्टाच्या आवारात उभा आहे. मग १८९४ मध्ये दिवा शेजारच्या नव्याकोऱ्या हायकोर्टाच्याच सर्वात उंच घुमटावर चढला. खाली खटले, वर जहाजांची राखण! चारही जागांत मला हीच सर्वात आवडली, जरी मी ती बाहेरून, मान मोडेपर्यंत वर बघूनच पाहिली.

याच दिव्याने एकदा शत्रूचीही सोय केली. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एम्डेन’ ही जर्मन युद्धनौका आली तेव्हा दिवा नेहमीसारखा सुरू होता. तिने बंदराजवळच्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या आणि ती निघून गेली. दिव्याला काय, आपला कोण आणि परका कोण!

दीपगृहातला दिवा तसा फार मोठा नसतो. खरी करामत त्याच्याभोवतीच्या भिंगांची. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने जाडजूड भिंगाऐवजी काचेची वलयं एकात एक बसवली. चहूकडे विखुरणारा उजेड त्यांतून वळून एका झोतात जातो. ही भिंगं फिरतात, म्हणून लांबून दिवा लुकलुकताना दिसतो. प्रत्येक दीपगृहाच्या लुकलुकण्याचा ठेका ठरलेला असतो. खलाशी सेकंद मोजतो, यादीशी ताडतो आणि कुठल्या गावासमोर आहोत ते ओळखतो. आता जीपीएस आहे, पण यंत्र बिघडलं तर हा दिवा आहेच.

गॅलरीच्या वरच्या मजल्यावर रडार आहे, तिथे आपल्याला मज्जाव. जाणार असाल तर दुपार कलल्यावर जा. पूर्व किनारा असल्याने तेव्हा ऊन पाठीशी असतं आणि समुद्र बघताना डोळे दिपत नाहीत.