फामागुस्ता: चार अक्षरं

आमचे अण्णा नगरमध्ये पेंटर होते. ट्रकवर नावं रंगवायचे. खडू फासलेली दोरी ताणून रेघ पाडायची, पेन्सिलीनं अक्षरं आखायची, मग एका दमात ब्रश ओढायचा. ट्रकच्या कपाळावर कुलदैवत आणि ड्रायव्हरच्या दारावर बहुतेक वेळा पोरीचं नाव. मी रंगाचा डबा धरून उभा असायचो. पिवळा थेंब ओघळला की टर्पेन्टाइनच्या बोळ्यानं तो पुसायचा, एवढंच माझं काम.

लष्कराच्या के. के. रेंजवर फायरिंग असलं की लांबवर धडाड आवाज यायचा. रणगाड्यांचं गाव आमचं. पण रणगाड्यालाही ट्रकसारखं नाव असतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

ते नाव होतं फामागुस्ता. सायप्रसमधलं एक जुनं बंदर. पूना हॉर्सच्या एका सेंच्युरियन रणगाड्याला हे नाव होतं. ही रेजिमेंट 1817 साली पुण्यात घोडदळ म्हणून उभी राहिली. घोडे गेले, रणगाडे आले, पण आतल्या जवानाला आजही 'सवार'च म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. सवार म्हटलं की खाली बसलेलं लोखंड उरत नाही, जनावर होतं, आणि जनावराला नाव हे लागतंच.

16 डिसेंबर 1971, भारत-पाकिस्तान युद्धातली बसंतरची लढाई. फामागुस्तात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल होता. जन्म पुण्याचा, वय 21, कमिशन मिळून जेमतेम सहा महिने. समोरून पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चालून आले. त्यातले चार त्यानं स्वतः उडवले. फामागुस्तावर गोळा बसला, आग लागली. वायरलेसवर बाहेर पडण्याचा हुकूम आला. त्यानं सांगितलं, नाही सर, मी माझा रणगाडा सोडणार नाही, माझी तोफ अजून चालते आहे. पुढचा गोळा लागला आणि तो तिथंच गेला. परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं.

'माझा रणगाडा'. मी तिथंच अडतो दर वेळी.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या डी बटालियनमध्ये रणगाड्यांची नावं 'डी'वरूनच ठेवायची पद्धत होती. त्यातली 'डेबोरा' 20 नोव्हेंबर 1917 ला फ्रान्समधल्या फ्लेस्किएर गावात गोळे लागून बंद पडली. आठांतले पाच जण गेले. पुढं तिला तिथंच पुरलं गेलं. 1998 साली ती उकरून काढली. आता तिचं संग्रहालय आहे, आणि ते पाच जण शेजारच्याच दफनभूमीत आहेत. इतकी माणसं गेली त्या युद्धात, पण ही पाच लक्षात राहतात ती डेबोरामुळे, असं मला वाटतं.

फामागुस्ता दुरुस्त करून आमच्या नगरलाच, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये ठेवला आहे. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांचे हात थरथरायला लागले होते, ब्रश कधीचा सुटला होता. त्यांनी नाव दोनदा म्हणायला लावलं. मग खडू मागितला. ओट्यावर रेघ मारली आणि हळूहळू लिहिलं: फा, मा, गु, स्ता.

"चारच अक्षरं," म्हणाले, "जोडाक्षर शेवटी आहे. चांगलं बसतंय."

आई संध्याकाळी ओटा धुवायला आली, तर त्यांनी तेवढा तुकडा धुवू दिला नाही.